रुकैयाची 'इतर' खुर्ची

रुकैया,

तुझ्यावर लिहायला सांगितलंय मला. इथे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या मराठी मंडळींचा दिवाळी अंक निघतो, त्यासाठी. तू असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, "संपादक मंडळावर कोण कोण आहे गो?" सांगते. चौघीजणी आहेत. दोघींचं केटरिंग आहे, तिसरीची मुलं लहान आहेत, आणि चौथीचा नवरा सुट्टी मिळाली रे मिळाली की तिला विमानात घालतो. आता अंकात काय असणार ते तू डोळे मिटून सांगशील. बरोबर. पाककृती, बालविभाग आणि प्रवास.

"मग माझा लेख कुठे टाकणार?" मी विचारलं. केटरिंगवाली पोर जरा घुटमळली. म्हणाली, "काकू, आपली सदरं तर तीनच आहेत. तुमचा... 'इतर'मध्ये टाकू का? चालेल ना?"

मी इतक्या मोठ्यानं हसले की तिला वाटलं म्हातारीला काहीतरी झालं. धावत पाणी आणलं बिचारीनं. तिला काय ठाऊक, ज्या बाईवर हा लेख आहे ती बाई वर्षानुवर्षं 'इतर'मध्येच बसून होती, आणि कुणी उठवलं तरी उठत नव्हती.

तुझा जन्म कुठला, डिग्र्या कुठल्या, पदं किती, हे मी लिहिणार नाही. ते युनिव्हर्सिटीच्या पानावर आहे, फोटोसकट. फोटो वाईट आहे. बदल म्हणून किती वेळा सांगितलं होतं.

मात्र आपण दोघी एवढी वर्षं कशावरून भांडत होतो ते या अंकाच्या वाचकांना सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल सामायिक गॅलरीवरून. अल ऐनला आपण एकाच डिपार्टमेंटमध्ये अन्नशास्त्र शिकवायचो. या वाळवंटी मुलखातल्या खाण्यापिण्यावरचं एक जर्नल होतं, अजूनही आहे. संशोधन करणारे त्याला आपले पेपर पाठवतात. ते छापायचे की नाही, हे संपादक मंडळ ठरवतं. बस, एवढंच. यावरून दोन बायका जन्मभर भांडू शकतात हे आमच्या घरात कुणालाच पटत नाही.

तुझा दावा अगदी साधा होता. "मला मंडळाची नावं दाखव, अंकात काय छापलंय ते मी तुला सांगते." आणि तू सांगायचीस! तेव्हा अंक छापील यायचा. डिपार्टमेंटच्या पँट्रीत तू पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूची नावं वाचायचीस आणि अनुक्रमणिकेवर माझ्या चिवड्याची बशी पालथी घालायचीस. "हे गृहस्थ खजुराच्या रोपांचे, म्हणजे रोपांचे तीन पेपर. हे दुधाचे. या बाई नवीन आल्यात, त्यांचा विषय मध, तेव्हा या खेपेला मध येणार बघ." मग बशी उचलायची. मध असायचा. हरणाऱ्यानं सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, करायची असा नियम होता, आणि त्या पँट्रीतली किटली माझ्या हाताला इतकी ओळखायला लागली होती की शिपायाचा गैरसमज झाला असेल.

"मेले, यात जादू नाही," तू म्हणायचीस. "माणसाला जे वाचता येतं तेच तो आत घेतो. उरलेलं वाईट असतं असं नाही. त्याला फक्त कुणी नातेवाईक नसतो."

मी चिडायचे. त्या वेळच्या मला तू ओळखतेसच. कडक इस्त्रीची साडी, नाकावर चष्मा, आणि विज्ञान म्हणजे गंगेसारखं आपोआप वाहतं असा ठाम विश्वास. माझं म्हणणं उलटं होतं. जगात ज्या विषयावर काम होतं त्यावर पेपर येतात, आणि ज्यांचे पेपर गाजतात त्यांना मंडळावर बोलावतात. मंडळ म्हणजे आरसा. आरशानं कुणाचं नाक बदलत नाही. हे वाक्य मी एका परिषदेत व्यासपीठावरून म्हटलं होतं आणि त्यानंतर आठवडाभर स्वतःवर खूश होते.

त्याच आठवड्यात मी काय करत होते ते तू कधी विसरू दिलं नाहीस. मी खजुराच्या पाकावर, इथे ज्याला दिब्स म्हणतात त्यावर काम केलं होतं. उन्हाळ्यात साठवला की त्याचा रंग आणि चव कशी बदलते, एवढाच अभ्यास. चांगला होता. पण पाठवायच्या आधी या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, मंडळाची नावं अशी वाचली, जशी मुलीची आई सोयरीक जमवताना मुलाकडच्या मामा-आत्यांची चौकशी करते. त्यात एक नाव ओळखीचं दिसलं. उंटाच्या दुधावरचे मोठे तज्ज्ञ! झालं. मी माझ्या पाकात उंटाचं दूध घातलं. खरोखरचं. नवे प्रयोग लावले, शीर्षक बदललं, त्या गृहस्थांच्या झाडून सगळ्या पेपरांचे हवाले दिले. मुलाकडच्यांना साखरपुड्यात ओवाळतात तसं ओवाळलं.

पेपर परत आला. मंडळावरचे ते गृहस्थ भलतेच होते. नाव तेच, पण हे धान्यातल्या किड्यांचे तज्ज्ञ. उंटाशी त्यांचा संबंध रस्त्यात गाडीसमोर आला तर तेवढाच. शेऱ्यात एकच ओळ होती: या अभ्यासात उंटाचं प्रयोजन समजलं नाही.

तू तो शेरा वाचलास आणि खुर्चीवरून घसरलीस. डोळे पुसत म्हणालीस, "काय गो कुमुद, मंडळानं काही होत नाही ना? आरसा ना? मग आरशात बघून उंट कशाला सजवलास?"

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्या टेबलावर तो पेपर ठेवलास. उंट जिथे जिथे आला होता तिथे तिथे पेन्सिलीनं काट मारली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'बाकीचा पाक झकास आहे.' उंट वजा करून मी तो दुसरीकडे पाठवला. माझ्या सगळ्या कामातला तोच एक पेपर अजून कुणीकुणी मागतं. याबद्दल मी तुला थँक्यू म्हटल्याचं मला आठवत नाही. सुलेमानी केली होती, पण ती हरल्याबद्दल केली होती. ती यात धरता येणार नाही.

पुढे तुलाच मंडळावर बोलावलं. तोवर सगळा कारभार संगणकावर गेला होता. पेपर पाठवणाऱ्यासमोर एक यादी उघडायची, तुमचा विषय निवडा. खजूर, दूध, धान्य, साठवण. प्रत्येक विषयापुढे मंडळातली माणसं, पेपर त्यांच्यापैकी एकाकडे जाणार. मुख्य संपादक लखनौकडचे, बोलण्यात फार अदब. तू त्यांना तोंडावर 'सर' आणि मागे 'हुजूर' म्हणायचीस. त्यांनी तुला विचारलं, कोणता विषय घेणार? तू म्हणालीस, यादीत शेवटी जे असेल ते. शेवटी 'इतर' होतं. कुणाला नको होतं म्हणून शेवटी होतं.

मी तुला वेड्यात काढलं. "अगं, एवढ्या मोठ्या मंडळावर गेलीस आणि अडगळीची खोली मागून घेतलीस?"

"अडगळीच्या खोलीतच सगळं सापडतं," तू म्हणालीस.

आणि काय काय यायला लागलं त्या खोलीत! बाल्कनीत कुंडीत लावलेल्या मेथीवर कुणी लिहिलेलं. सुट्टीवरून परतताना लोक विमानाच्या सामानातून जी पिठं, पापड, मसाले आणतात ती इथल्या दमट हवेत किती टिकतात, त्यावर. रोजा सोडताना आधी काय पोटात जातं, त्यावर. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडत होतं, आपल्याच स्वयंपाकघरांत, पण त्याला खजूर किंवा दूध म्हणता येत नव्हतं म्हणून ते आजवर कधी छापलं गेलं नव्हतं. तू सगळं वाचायचीस. बरंचसं नाकारायचीस, हेही लिहायला हवं, नाहीतर लोक तुला संत करतील. 'विषय आमच्या कक्षेबाहेर' असं मात्र तू कधी लिहिलं नाहीस. नाकारायचं तर काय चुकलं ते दोन पानं भरून लिहायचीस.

मग एकदा अंकात सुकटीवर पेपर आला. मला बरी संधी मिळाली. मी फोन केला.

"सापडलीस! मंडळावर रत्नागिरीची बाई बसली आणि अंकात सुकट आली. आता बोल."

"मग मी इतकी वर्षं दुसरं काय सांगत होते?"

"म्हणजे तूही तेच करतेस. आपल्या घरचा वास आला की दार उघडतेस."

तू म्हणालीस, "तू या खुर्चीवर असतीस तर काय आत आलं असतं, कुमुद?"

"खजूर," मी म्हटलं. "दुसरं काय?" मी हसले. तू हसली नाहीस. विषय बदललास, माझ्या गुडघेदुखीवर आलीस. मला वाटलं, सुकट वर्मी लागली.

आपला खेळ नंतरही चालू होता, फोनवरून. मी रिटायर होऊन मुलाकडे इथे आले, तू अल ऐनलाच राहिलीस. अंक स्क्रीनवर आला की तू नावं वाचायचीस आणि मी अनुक्रमणिका उघडून खरं-खोटं सांगायचे. सुलेमानी जिची तिनं आपापल्या घरी करायची. पण मंडळावर गेल्यापासून तू एक नवा नियम घातला होतास, "माझ्या नावापुढचं धरायचं नाही हां." मी विचारलं का, तर म्हणालीस, "नियम म्हणजे नियम. यल्ला, पुढचं नाव." मला वाटलं, सुकटीचं प्रकरण लपवतेय.

मग तुझ्या मुलाचा सकाळी फोन आला. मी अल ऐनला पोचेपर्यंत तुझं सगळं आटोपलं होतं. तुमच्यात उशीर करत नाहीत हे मला माहीत आहे, पण तरी मी ड्रायव्हरला वाटेभर बोलत राहिले. तुझ्या स्वयंपाकघरात बसले. तुझ्या सुनेनं चहा दिला. मी रडले नाही. वाहतुकीवर चिडले होते, ती चीड उतरायलाच संध्याकाळ झाली. तुझा सुकटीचा डबा कपाटात वरच्या फळीवर होता, झाकण घट्ट लावलेला, आणि तरी वास येत होता. सुनेनं विचारलं, काकी, नेता का? मी म्हटलं, माझ्या सुनेला हा वास आला तर माझीही रवानगी होईल. हसलो दोघी. एवढंच.

त्यानंतर हुजूरांचा फोन आला. आधी तुझ्याविषयी चांगलं बोलले, मनापासून बोलले, खोटं सांगत नाही. मग म्हणाले, "मॅडम, उनकी जगह आप आ जाइए बोर्ड पर. खजूर में आपका नाम डाल देते हैं." मी विचारलं, आणि 'इतर'? "वो तो खलास. रुकैया मॅडम थीं तो चलता था. अब कौन देखेगा? लिस्ट से हटा रहे हैं."

काय सांगू, रुकैया. तरुणपणीची ती इस्त्रीची साडीवाली माझ्या आत ताडकन उठून उभी राहिली. मंडळावर! आरशात! एवढी वर्षं जिची वाट बघितली ती खुर्ची, आणि तीही खजुराची! दिवसभर मी घरात अशी वावरत होते की सून म्हणाली, आई, लॉटरी लागली का? मी म्हटलं, हो, निम्मी.

दुसऱ्या दिवशी, तुझ्या सुनेकडून माझा नंबर घेऊन, नाझनीनचा फोन आला. तुला ती ठाऊक आहे, मला नव्हती. रायगडकडची मुलगी, इथल्या एका क्लिनिकमध्ये आहारतज्ज्ञ. ती मुहैस्नाहच्या कॅम्पांत जाऊन आली होती. तिथल्या कामगारांचा दुपारचा डबा पहाटेच भरला जातो, साइटवर उन्हात पडून राहतो, आणि खायच्या वेळेला त्यातलं वरण आंबलेलं असतं. कोणता पदार्थ आधी बिघडतो, कोणता टिकतो, भातात काय घातलं तर फरक पडतो, असा तिचा पेपर. 'इतर'मध्ये पाठवलेला. तुझ्याकडे होता.

"मॅडम, आता तो परत येणार म्हणतात," ती म्हणाली. "म्हणाले, विषय निवडून पुन्हा पाठवा. मी कोणता निवडू? धान्य निवडलं तर धान्यवाले म्हणतील हे शिजवलेलं आहे. साठवण निवडलं तर ते म्हणतील गोदामातलं नाही. रुकैया मॅडम म्हणाल्या होत्या, तुझा पेपर कच्चा आहे पण मी वाचतेय."

"कच्चा म्हणाली?"

"दोन पानं भरून म्हणाल्या."

मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन बसले. खाली एक साइटची बस उभी होती. खिडकीच्या गजाला डबे लटकवलेले, उन्हात. ही बस मी रोज बघते. रोज. कधी मनात आलं नाही की आत काय आहे आणि ते बारा वाजता कसं लागत असेल. मी अन्नशास्त्राची प्राध्यापक होते, रुकैया. पण मला फक्त खजूर वाचता येतो.

हुजूरांना मी फोन केला. म्हटलं, येते मंडळावर, पण 'इतर'वर.

"आप तो खजूरवाली हैं, 'अदर' में क्या करेंगी?"

"सर, खजुराला तुमच्याकडे आधीच इतके लोक आहेत की मागच्या अंकात दुसरं काही दिसलं नाही. वाचून मलाच गोड गोड झालं."

"मॅडम, प्रमोशन नहीं है ये. सोच लीजिए. 'अदर' के पेपर का कोई हवाला नहीं देता, जर्नल का नंबर नीचे जाता है."

हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांना वरून विचारणारे आहेत. खजुराचे पेपर हजारजण वाचतात आणि हवाला देतात, बाल्कनीतल्या मेथीला कोण विचारतो? ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, आणि वर आरशाचं वाक्य ऐकवलं असतं.

"विचार केला," मी म्हटलं. "यादीतून ती ओळ काढली तर लोक ते काम करणं थांबवतील असं नाही, सर. नाव बदलून पाठवतील. त्यात उंट घालतील. मला अनुभव आहे."

उंटाचं त्यांना कळलं नाही. म्हणाले, "देखते हैं. इन्शाल्ला."

त्यांच्या इन्शाल्लाचे किती अर्थ होतात ते तू मला शिकवलं होतंस, त्यामुळे मी जास्त ताणलं नाही. आणि फोन खाली ठेवल्यावर लक्षात आलं की मी काय करून बसले. मंडळावर कोण आहे यानं काही फरक पडत नाही, असं म्हणत मी तुझ्याशी आयुष्यभर भांडले. फरक पडत नाही तर मग मी त्या एका ओळीसाठी एवढी का हटून बसले? म्हणजे वाद तू जिंकलास. तू जिवंत असताना मी हे कबूल केलं नसतं. आताही फक्त 'इतर' सदरात करतेय.

जर्नलच्या पानावर नावं बदलली. 'इतर' अजून आहे, शेवटीच. नाझनीनचा पेपर माझ्याकडे आला. मी तो दोघांना तपासायला धाडलाय. एकाचं उत्तर आलंय, आणि ते तिखट आहे, काही ठिकाणी बरोबरही आहे. छापला जाईल की नाही, मला ठाऊक नाही. तू म्हणालीस तसा तो कच्चा आहेच. पण तो कुणीतरी वाचतंय.

परवा नवा अंक आला. आता नावं वाचायला कुणी नव्हतं, म्हणून इराला बोलावलं, माझ्या नातीला. तिला नियम सांगितले. लॅपटॉपवर अनुक्रमणिकेच्या बाजूला मी बशी धरली.

"आज्जी, धिस इज सच अ सिली गेम."

"वाच मुकाट्यानं."

तिनं नावं वाचली, पुढचे विषय वाचले, आणि लगेच लागली सांगायला. "डेट्स. डेट्स. अगेन डेट्स. धिस वन इज मिल्क." मी बशी थोडी थोडी सरकवत होते. पोरीचं सगळं बरोबर. तुझी शिष्या शोभली असती. मग ती शेवटच्या ओळीशी थांबली. माझं नाव, पुढे 'इतर'.

"अँड यू, आज्जी? तुझ्यामुळे काय येणार?"

मी तोंड उघडलं, खजूर म्हणायला. आणि म्हणता येईना. मेथी येईल, डबा येईल, कुणाच्या बॅगेतलं मेतकूट येईल, किंवा असं काही येईल जे मी जन्मात कधी बघितलेलं नाही.

"ठाऊक नाही गं," मी म्हटलं.

"यू कान्ट गेस? देन यू लूज."

तेव्हा मला तुझा तो नियम कळला. माझ्या नावापुढचं धरायचं नाही. तू सुकट लपवत नव्हतीस. एवढ्या मोठ्या मंडळात तेवढी एकच खुर्ची होती जिच्यावरच्या माणसाकडे बघून आत काय येणार ते सांगता येत नव्हतं. तुझ्याकडे बघूनसुद्धा नाही. तिथे तुझा दावा तुलाच लागू पडत नव्हता, आणि तो तिथे कधी लागू पडू नये म्हणूनच तू बसून होतीस. आणि फोनवर विचारलंस, मी तिथे असते तर काय आलं असतं. तुला खजूर ऐकायचं नव्हतं.

उत्तर उशिरा देतेय, रुकैया. ठाऊक नाही.

म्हणजे वाद तुझा, पण या खेपेचा डाव कुणाचाच नाही. सुलेमानी मी केली, तरी हरले म्हणून नाही. दोन कप केले. इरानं दुसरा उचलला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि साखर घालायला गेली.